दोनशे बारा पत्ते

“मावशी, तो दारात आल्ता.”

सकाळचे साडेसात. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातल्या चांगुणाबाईंच्या घरचा फोन वाजायचा तो मुलगी बघायला कधी यायचं हे विचारायला. आज पलीकडे यशोधरा होती, कर्जतहून. आवाज दबका.

“कोन आल्ता?”

“सहादेव.”

चांगुणाबाईंच्या तळहातावरची मिसरी तशीच राहिली. सहादेव म्हणजे यशोधराचा काडीमोड झालेला नवरा. कोर्टानं वेगळं केलं, तरी तो हात उचलायला माग काढत यायचा. अकोले गावच्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथं पोचला. म्हणून वीस दिवसांपूर्वी तिनं बदली मागून कर्जत गाठलं होतं.

“शेजारची मानसं जमली म्हनून गेला. पन परवा येतो म्हनला. मावशी, त्याच्या हातात छापील पुस्तक हुतं. त्यातनं माझा पत्ता वाचून दाखवला त्यानं. वर मच्छिंद्र, श्रीरामपूर असं नाव. हा पत्ता मी फकस्त तुमाला दिल्ता.”

“ठाऊक हाय.”

“कुठनं फुटला ते आज कळलं न्हाई, तर मी उद्या नोकरी सोडून निघते. परत कुनालाच पत्ता द्यायची न्हाई. तुमालाबी.”

फोन ठेवला तेव्हा चांगुणाबाईंचे कान तापले होते. अकरा वर्षं त्या बौद्ध समाजाची स्थळं जुळवत होत्या. त्यांच्या वहीत बोट घालायची कुणाची छाती झाली नव्हती. पण साल अठ्ठ्याण्णव आलं आणि पुण्या-मुंबईची मंडळी म्हणू लागली, वही कॉम्प्युटरवर टाका. फोनच्या तारेवरून आम्ही इथनं स्थळं बघू. त्यासाठी मशीन चोवीस तास चालू हवं, म्हणजे परक्याच्या घरात हवं.

श्रीरामपुरात अशी मशीनं तिघांकडे होती. चांगुणाबाईंनी तिघांनाही महिनाभर काम करून दाखवायला सांगितलं. ज्याच्यावर विश्वास बसेल, त्याच्याकडे वही कायमची. वही कुणाच्या हातात द्यायची नाही म्हणून त्यांनी स्वतः समोर बसून दोनशे बारा मुलींची माहिती तीनदा सांगितली आणि तिघांनी ती आपापल्या हातानं टाईप केली. बाहेरच्याला नाव, वय, शिक्षण दिसावं. पत्ता दिसू नये. तिघांनीही कबूल केलं होतं.

म्हणजे तिघांतला एक.

तिघांतला प्रवीण हा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. निरोप गेल्यावर तो लगेच लुना घेऊन आला.

“बस, मावशी. आधी मच्छिंद्र आनी मग—”

“आता कसा ‘आनी’ म्हनलास!”

“आणि,” प्रवीणनं घाईनं सुधारलं. “पुण्याच्या क्लासमध्ये सगळे हसायचे गं. आता लक्ष ठेवून बोलतो.”

“मला हसून बगू दे कुनी,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि मागे बसल्या.

लग्नं जुळवणारा मच्छिंद्र एसटी स्टँडबाहेर टेबल टाकून बसायचा. टेबलावर पिवळ्या पुस्तकांची चळत.

“हे कुठनं आलं रे?”

“टपालानं. पाकिटावर नाव न्हवतं.”

“आनी तू छापलंस?”

“जसंच्या तसं, बाई. छापखान्यात कागदाचा फोटो काढून छापत्यात. काना-मात्रासुदिक हलला न्हाई.”

“किती गेली?”

“चाळीसेक. लग्न जुळवायचं पुन्य—”

“तुझ्या पुन्यापायी एक पोरगी दाराला कडी लावून बसली हाय. ती उरलेली पुस्तकं हिकडं आन.”

मच्छिंद्रनं मुकाट चळत पुढं सरकवली. चांगुणाबाई बाकड्यावर बसल्या आणि पुस्तक उघडलं. अक्षरओळख झाली पन्नाशीत, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात. त्यामुळे वाचायच्या त्या एकेका अक्षरावर बोट ठेवून. सत्त्याऐंशीव्या नंबरला बोट थांबलं.

*यशोधरा. वय २९. नर्स. मणमिळाऊ. मु. कर्जत, पाण्याच्या टाकीमागे. मंगळ : नाही.*

“मंगळ!” प्रवीणनं खांद्यावरून वाकून पाहिलं. “आपल्यात कोण मंगळ बघतं? हे मार्तंडरावाचं काम. आम्हा तिघांत पत्रिकेचा प्रोग्रॅम त्याच्याकडेच आहे.”

चांगुणाबाईंचं बोट अजून त्याच ओळीवर होतं.

मार्तंडरावांच्या घरात तीन पिढ्या पंचांग चालत आलेलं. आता पंचांगाशेजारी कॉम्प्युटर. त्यांनी चष्मा वर केला.

“या चांगुणाबाई. चेहरा का असा?”

“तुमच्या मशीनमदी मंगळाचा रकाना हाय ना?”

“आहे. पण तुम्ही पहिल्या दिवशीच म्हणालात, आम्ही बुद्धाची माणसं, आमच्यात पत्रिका नाही. मी तो काढून टाकला. हा कागद बघा.”

“मागनं घातला असेल,” प्रवीण म्हणाला.

मार्तंडरावांनी पुस्तक चाळलं आणि मोठ्यानं हसले. “दोनशे बारा मुली आणि एकीलाही मंगळ नाही? एकीचीही जन्मवेळ घेतलेली नाही, मग ‘नाही’ हे ठरवलं कुणी? मी जागा कोरी सोडली असती.”

“बरं, मला सांगा, आमच्या पोरींचे पत्ते तुमाला मशीनमदी दिसत्यात का?”

“दिसतात. मशीन माझं आहे. दिसत नाहीत म्हणालो, तर ते खोटं होईल.”

“ऐकलंस, मावशी?” प्रवीणनं चुटकी वाजवली. “स्वतःच्या तोंडानं!”

“ऐकलं. तुजं झालं आसंल, तर चल.”

तिसऱ्या विजयाबाई, निवृत्त शिक्षिका. टायपिंगच्या वर्गात कोपऱ्यात त्यांचं मशीन.

“यशोधराचा पत्ता काय हाय तुमच्याकडं?”

विजयाबाईंनी छापून कागद हातात दिला. चांगुणाबाईंनी बोटानं वाचलं. अकोले.

“ती आता कर्जतला असती.”

“मग मला कळवायचंत तरी! माझा फोन पंधरा दिवस बंद होता, पण माणूस पाठवता आला असता.”

ते खरं होतं. बदललेला पत्ता चांगुणाबाईंनी फोनवरून प्रवीण आणि मार्तंडराव या दोघांनाच सांगितला होता.

राहिलं प्रवीणचं दुकान. आत शिरताच भिंतीवर त्याच्या हातची पाटी : *कृपया मशीणला हात लावू नये.* चांगुणाबाई तिच्यासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

“तुझ्याकडनं फुटलं न्हाई ना, परव्या?”

“माझ्याकडून? मावशी, इथून मुंगी बाहेर जात नाही. पासवर्ड आहे. पत्ते मलासुद्धा दिसत नाहीत.”

“तुलाबी न्हाई?”

“मलाही नाही.”

“मग यशोधराचा पत्ता बदललास कसा?”

“ते... बदलताना दिसतं तेवढं. चहा घेणार?”

“नगं. चार वाजता विजयाबाईंच्या वर्गात ये. मार्तंडरावालाबी निरोप धाडते.”

चार वाजता तिघं बाकावर बसले. चांगुणाबाईंनी तिघांपुढे एकेक कागद ठेवला.

“एक नवी पोरगी आली हाय. मी सांगते, तुमी हातानं ल्हिवा. दुसऱ्याच्या कागदात बघायचं न्हाई.”

“परीक्षाच की!” विजयाबाई म्हणाल्या.

“व्हय. ल्हिवा. पोरगी आनंदी हाय. मनमिळाऊ हाय. पान्यावानी निर्मळ हाय.”

पेनं थांबली. चांगुणाबाईंनी कागद गोळा केले, ओळीनं मांडले आणि बोट ठेवत वाचू लागल्या.

“आता सांगते. विजयाबाईंच्या मशीनमदी यशोधरा अजून अकोल्यात हाय. पुस्तकात ती कर्जतला. म्हंजी विजयाबाई सुटल्या. मंगळाच्या रकान्यात सगळ्यांपुढं ‘नाही’ लिवलंय. मंगळ कळनारा मानूस वेळेबिगर तसं लिवत न्हाई. लिवलं त्यानं, ज्याला मंगळातलं काई कळत न्हाई, पन मार्तंडरावावर बोट जावं अशी इच्छा हाय.”

“हा अंदाज झाला,” प्रवीण म्हणाला.

“हे कागद अंदाज न्हाईत. मी ‘पान्यावानी’ म्हनले. तिगांनीबी ‘पाण्या’ लिवलं. बरुबर. मी ‘मनमिळाऊ’ म्हनले. ह्या दोगांनी ‘मन’ लिवलं. तू लिवलंस ‘मण’. मी आनंदी म्हनले, तू लिवलंस ‘आणंदी’. तुझ्या भितीवर ‘मशीण’. आनी ह्या पुस्तकात चाळीस पोरी मणमिळाऊ हायेत, परव्या. शिकलेल्याची नजर वरनं पळत जाती. मला एकेक अक्षर चढावं लागतं.”

विजयाबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. “अहो, खरंच की. माझ्या लक्षातच आलं नाही.”

“आमच्या तोंडात ‘न’ बसलेला. पुन्यात पोरं ह्याला हसली, म्हनून हा दिसंल तिथं ‘ण’ घालाय लागला. हसनारे लई भेटले. कुठं थांबायचं ते कुनी सांगितलं न्हाई.”

त्यांनी प्रवीणचा कागद त्याच्यापुढं सरकवला.

“का केलंस?”

“तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मार्तंडरावांचं काम बिनचूक. मी तुझ्या बहिणीचा मुलगा असून वही त्यांच्याकडे जाणार. त्यांच्याकडून फुटली असं दिसलं, की तू माझ्याकडे येशील असं वाटलं. बाकी काही—”

“आनी यशोधरा?”

“ती मला सुचलीच न्हाई, मावशी. आईशप्पत, सुचलीच न्हाई.”

“एवढ्या पोरींतली एकबी सुचली न्हाई.” चांगुणाबाईंचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. “उद्या सकाळच्या गाडीनं कर्जतला चलायचं. सहादेवाच्या हातात पत्ता कसा पडला, ते पोलिसांत तुझ्या सहीनं द्यायचं. मग एकेका पोरीच्या घरी जायचं आनी तोंडानं सांगायचं, मी केलं. रड तिथं जाऊन. हितं नगं.”

मग त्यांनी विजयाबाईंच्या फोनवरून कर्जत लावलं. यशोधरानं पहिल्याच घंटेला उचलला.

“कळलं का, मावशी?”

‘कळलं, मिटलं’ एवढं म्हणता आलं असतं. अकरा वर्षांची अब्रू त्यात शाबूत राहिली असती. चांगुणाबाईंनी पदर सारखा केला.

“माझ्या सख्ख्या बहिनीचा पोरगा. प्रवीन. माझ्या घरातनंच फुटलं, बाई.”

चांगुणाबाईंनी प्रवीणकडे पाहिलं.

“त्याला घिऊन उद्या येते. पोलिसांत त्यो समदं ल्हिवून दील.”

“मग मी हलत न्हाई हितनं,” यशोधरा म्हणाली. “किती गावं बदलू? मीबी येते पोलिसांत.”

“आनी तुझं नाव? काढून टाकू मशीनमदनं?”

“नाव कशापायी? मला लगीन करायचं हाय, मावशी. पत्ता तेवढा काढा.”

चांगुणाबाईंनी फोन कानाशीच धरला आणि मार्तंडरावांकडे वळल्या.

“पोरगी म्हनती, नाव ऱ्हाऊ द्या, पत्ता तेवढा काढा. तसं घाला तुमच्या मशीनमदी. समद्यांचं.”

मार्तंडरावांनी खिशातून पेन काढलं.