खुशालचा सात नंबर

भद्रावतीत वीज गेली होती. शेकोटीभोवती आम्ही चौघे बसलो होतो. जन्मभर लेथवर राबलेले वामनभाऊ विडी पेटवत म्हणाले, "माह्या शेजारच्या हरिदासची गोष्ट आहे. आधी ऐकून घ्या, मंग हसा."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच तोंडून असं.

सन सत्त्याऐंशी, एकवीस नोव्हेंबर, शनिवार. लंकेत आपली फौज लढत होती. दारूगोळ्याच्या पेट्या उचलायच्या कड्यांचं काम एका ठेकेदारानं हरिदासच्या टिनाच्या शेडमध्ये दिलं होतं. नवं लोखंड मिळत नव्हतं. ट्रकचे मोडके कमानपट्टे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, भंगारातून आणायचे, तापवून चिरायचे, वाकवायचे. हरिदासचा थोरला भाऊ खुशाल प्रत्येक कडी छताच्या आडव्या सागवानी बल्लीला अडकवून पाय उचलून तिला लोंबकळायचा. टिकली की तिच्यावर आपला सातचा ठप्पा मारायचा. सात दिसला की ठेकेदार पुढे तपासत नसे.

सप्टेंबरात खुशाल काविळीनं गेला. हरिदास रडला नाही. जेवायचा, निजायचा, कामाला जायचा. कड्या करायचा आणि न लोंबकळता सात मारायचा.

त्या रात्री साडेअकराला तो माल पोत्यात भरायला निघाला. सकाळी सहाला टेम्पो येणार होता. बायको, नीलाबाई, दारात उभी होती.

"लटकून पाह्यलं काय एखाद्या कडीले तरी?"

"दादाचा ठप्पा हाय न तिच्यावर."

"दादा कुठी हाय आता? कोन्या पोराच्या पायावर पेटी पडन, मंग?"

हरिदासनं पोती काखेत मारली. कंदील घेऊन शेडकडे गेला.

कुलपात किल्ली घातली, तेव्हा आतून आवाज आला. कर्र...

"चोर असन," शेकोटीपाशी बसलेला मुखरू मध्येच म्हणाला.

"कुलूप बाहेरून होतं, बाबू," वामनभाऊ म्हणाले.

हरिदास थांबला. बल्ली करकरली. वजन आल्यासारखी. मग वजन उतरलं. कडी ठेवल्याचा बारीक आवाज. पुन्हा कर्र... तटकन काही तुटलं. जमिनीवर पडलं.

"दादा?"

आत शांतता.

मग पुन्हा... कर्र.

त्याची किल्ली फिरली नाही. पायही हलले नाहीत. भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. "नाई, भाऊ," म्हणाला. "काईच नाई वाटलं. मोजत राह्यलो."

चार वाजता आवाज थांबला. नवरा परतला नाही म्हणून नीलाबाई मला उठवायला आली. मी जाऊन त्याच्या हातातली किल्ली घेतली, कुलूप काढलं.

आत कोणी नव्हतं. बल्लीखाली एक्क्याण्णव कड्या मोडून पडल्या होत्या. प्रत्येकीवर सात. हरिदासनं बाहेरून मोजल्या होत्या तेवढ्याच.

टेम्पो आला. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "बाकीचा माल कुठी हाय?"

"खराब होता," हरिदास म्हणाला. "तपासलाच नव्हता मी."

"पुढचं काम इसर मंग."

"बरं."

टिकून उरलेल्या कड्या टेम्पो यायच्या आधीच आम्ही दोघांनी पोत्यात भरल्या होत्या. थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघत होती. भट्टी तीन दिवसांपासून विझलेली.

वामनभाऊंनी विडी निखाऱ्यात टाकली. 

"पहिली कडी उचलली न," ते म्हणाले, "गरम होती. भट्टीसारखी नाई... कोनी आत्ताच हातातून सोडल्यासारखी."