लंगडं अक्षर

लाल दिवा चालू असताना एक्स-रेच्या खोलीत घुसणारा माणूस एकतर आंधळा असतो, नाहीतर डॉक्टर. हा दोन्ही नव्हता.

"दिवा दिसत नाही?" मी ओरडले.

"दिसला... पण चालू आहे की बिघडलाय ते कळेना."

"बिघाड दिव्यात नाहीये. बाहेर व्हा आधी!"

अर्धा तास तो बाहेर बाकावर बसून राहिला. एरवी माझी ड्यूटी आयसीयूत, चाकांच्या मशीनवर. त्या दिवशी दुसरीच्या बदल्यात खाली होते. पेशंट गेल्यावर तो उठला. वरच्या मजल्यावर संशोधन करतो म्हणाला. छातीचे हजारो एक्स-रे संगणकाला दाखवायचे, म्हणजे कोण तगेल, कोण नाही, हे तो आधीच सांगेल.

"ज्योतिषी आहात म्हणा की."

"ज्योतिषी तो. मी नुसता त्याला जेवू घालतो." मग त्याने एक फिल्म उजेडात धरली. "हे लंगडं अक्षर कुणाचं?"

उजवी बाजू कळावी म्हणून आम्ही फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं इंग्रजी 'आर' ठेवतो. प्रत्येकीचं आपापलं. माझं एकदा फरशीवर पडलं, त्याचा एक पाय मोडला. मी काही ते बदललं नाही.

"माझं. तक्रार आहे?"

"छे... दोन वर्षं रोज बघतोय. म्हटलं, मालकीण तरी बघावी."

माझे कान तापले, म्हणून मी दार आपटलं.

मग तो आयसीयूच्या दाराशी दिसायला लागला. कधी 'चुकून', कधी 'वाटेवरच होतं' म्हणून. मी त्याचं नाव भविष्य ठेवलं. "तुझं भविष्य आलंय गं," नर्स फिदीफिदी हसायची. मी मशीन ढकलत निघाले की तो दार धरायचा, आणि मी गेल्यावरही ते... तसंच धरून उभा असायचा.

आणि बाबांच्या फुप्फुसात गाठ निघाली.

काढली तर वाचतील. नाही काढली तर सहा महिने, फार तर आठ. एक्स-रे मीच काढला, हट्टाने खाली जाऊन, माझंच अक्षर ठेवून. "श्वास घ्या... धरा..." दिवसातून शंभरदा म्हणते मी हे. त्या दिवशी पुढचं बोलवेना.

"अगं, सोडू का आता," बाबा म्हणाले, "की असाच धरून ठेवायचाय?"

गुरुवारी दुपारी कळलं. बाबांचा आकडा अठ्ठ्याऐंशी. भविष्याच्या संगणकाने दिलेला. तीन महिन्यांपासून ऑपरेशनच्या यादीवर हा नवा शहाणा बसवला होता. सत्तरच्या वर गेलात की टेबलावर जगणार नाही, नाव कट. यादी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या बैठकीत पक्की होणार होती.

ज्या सर्जनने परवा बाबांना दोन जिने चढवून "ठणठणीत आहात" म्हटलं, तो आज माझ्या नजरेला नजर देईना. कागदावर आकडा आला की शिकलीसवरलेली माणसं मुकी होतात. भित्री लेकाची.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी वर पोचले.

"तुझ्या आकड्याने माझा बाप मरणार," मी म्हणाले. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले, तेही असं.

तो पांढराफटक पडला. "तो दहात नऊ वेळा बरोबर ठरलाय. तुझ्यासाठी मी आकडा बदलू... नाही शकत."

"बदल कोण म्हणतंय? कुठं बघून बोलतो तो, ते दाखव!"

त्याने बाबांची फिल्म उघडली. संगणक जिथं बघतो, तिथं लाल रंग चढतो. गाठ खाली होती, थंड निळी. लाल रंग पेटला होता वरच्या कोपऱ्यात.

माझ्या लंगड्या अक्षरावर.

आम्ही दोघं पडद्यावर वाकलो. मला आधी कळलं. चार वर्षं आयसीयूत माझं अक्षर फक्त अशांच्या छातीशेजारी ठेवलं गेलं, ज्यांना पलंगावरून उठवत नव्हतं. त्यातले निम्मे घरी गेलेच नाहीत. ठोंब्या संगणक रोग शिकलाच नव्हता. तो मला शिकला होता. मी दिसले, की माणूस मेला!

त्याने कोपऱ्यावर काळा चौकोन ओढला. आकडा बदलला. एकवीस.

"कोपरे कापायचे असतात," तो पुटपुटला. "सोबतचे म्हणालेही होते. मीच राहू दिले."

"का?"

"मला... ते अक्षर बघायला आवडायचं."

लोक फुलं देतात. या मूर्खाने माझ्या बापाला यादीतून काढलं होतं. त्याला थोबाडावं की छातीशी धरावं, मला कळेना. घड्याळात चारला दहा कमी होते.

"बैठकीत जाऊन सांग," मी म्हणाले.

"संशोधनाला पैसे देणारेही आज तिथं आलेत. सांगितलं, की दोन वर्षांचं काम गेलं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

तो उठला. त्याने लॅपटॉप उचलला. मी दार धरलं.

बाहेर पस्तीस मिनिटं उभी होते. आतून आधी कुणाचा तरी चढलेला आवाज, मग खुर्च्या सरकल्याचा, मग काहीच नाही... तो बाहेर आला तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र नव्हतं.

"म्हटलं, एकवीसवरही विसंबू नका. पेशंट डोळ्यांनी बघा," तो म्हणाला. "सर्जननी फिल्म पुन्हा बघितली. ऑपरेशन सोमवारी, सकाळी सातला."

"आणि तू?"

"मला घरी पाठवलंय. सगळं पहिल्यापासून करायचं असेल तर बोलावतील... कदाचित."

मी खिशातून शिशाचं ते अक्षर काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली. सोडली नाही.

"आता हे फिल्मवर नको. तुझ्याकडेच ठेव."

"आणि मालकीण?"

"तिचा निकाल सोमवारनंतर."

सोमवारी गाठ निघाली. बुधवारी मी बाबांची फिल्म काढली. नवं अक्षर, दोन्ही पाय धड. बाबांनी दाराकडे बघितलं. तिथं तो उभा होता, लाल दिव्याच्या बाहेर, एक पाऊलही आत न टाकता.

"हाच का तो, मला मारायला निघालेला?"

"हाच."

"मग घरी आण त्याला. तोंडावर शिव्या द्यायच्यात." बाबा टाक्यांवर हात दाबून हसले. "आणि तू गं... सोड की आता तो श्वास."

मी सोडला.