डग्गा कुठे गेला?

मी शाळेतून आले, चपला काढल्या, दार लोटलं... आणि बघते तर काय, आमच्या हॉलमध्ये एक चांगला धडधाकट माणूस गुडघ्यांवर रांगत होता! मान तिरकी, एक कान जमिनीजवळ. आणि उप्पांच्या खुर्चीत, जिथे उप्पांशिवाय मांजरसुद्धा बसत नाही, तिथे तो काळा चौकोनी वूफर ऐटीत बसून घूं... घूं... करत होता.

"काही हरवलंय का तुमचं?" मी विचारलं. हातात छत्री होतीच.

तो दचकला नाही. नुसतं बोट वर करून मला गप्प केलं. मला! माझ्यापुढे नववीची साठ पोरं चिडीचूप बसतात.

"एक मिनिट, टीचर... इथे आवाज पोकळ येतोय."

"मी टीचर आहे हे कोणी सांगितलं?"

"उम्मांनी. पण न सांगता कळलं असतं."

स्वयंपाकघरातून उम्मा, म्हणजे माझी आई, ओरडली, "अगं मुबीना, मीच बोलावलंय त्याला! स्पीकरच्या दुकानातला शमील. त्या खोक्यापायी माझ्या शोकेसमधले कप रोज नाचतायत. उप्पा नमाजाहून यायच्या आत आटप म्हणावं!"

उप्पा म्हणजे माझे वडील, बीरान कोया. सत्तावीस वर्षं शारजात वायरमन. तिथल्या जनरेटरच्या खोल्यांमध्ये त्यांनी एकच स्वप्न बघितलं होतं, की इथे केरळात, कोळिकोडला आपलं घर असावं, आपली खुर्ची असावी आणि जुन्या मैफलींच्या टेप भरपेट ऐकाव्यात. चार महिन्यांपूर्वी परत आले ते माझ्या खांद्याइतके उंच दोन टॉवर स्पीकर आणि खालचा, खर्जातला आवाज काढणारा हा वूफर घेऊन. सगळी जोडणी स्वतः केली. दुसऱ्याने वायरीला हात लावलेला त्यांना खपत नाही.

आणि तेव्हापासून माणूस हळूहळू गप्प होत गेला. एकदा उम्माला म्हणाले, "तबला ऐकू येतो गं, डग्गा येत नाही. कान जनरेटरपाशीच ठेवून आलो वाटतं." आवाज वाढवायचे, कप नाचायचे, उम्मा कावायची. उद्या शुक्रवारी त्यांच्या गाण्याच्या मंडळातले दोस्त ऐकायला येणार होते. आणि काल त्यांचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली. शनिवारची वेळ. घरात कोणालाही न सांगता! मी चिठ्ठी होती तशी परत ठेवली आणि शर्ट न धुताच खुंटीला लावला.

"ते खोकं खुर्चीत कशाला बसवलंय?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"जिथे माणूस बसतो तिथे वूफर बसवायचा. वूफर जिथे जिथे ठेवता येईल तिथे माणसाने रांगायचं. जिथे आवाज भरदार लागेल, तीच त्याची जागा. शोकेसच्या कप्प्यात कोंडला तर तो कपच नाचवणार."

म्हणजे उत्तर हातात धरून गणित मांडायचं! मला ते एकदम आवडलं. पण तसं दाखवते होय मी?

"तुम्हीही ऐकता का?" तो म्हणाला. "दोन साक्षी बऱ्या."

"दोन साक्षी निकाहला लागतात."

"...इथेही चालतात." त्याचे कान लाल झाले. "पण राहू द्या. टीचर लोकांना रांगणं जड जायचं."

झालं! ओढणी खोचली आणि मीही उतरले खाली. तो भिंतीच्या या टोकाने, मी त्या टोकाने. आणि खरंच, काय जादू होती! कोपऱ्यात आवाज नुसता घुमत होता, दाराशी गायबच होता... आणि उम्माच्या शिलाई मशीनजवळ तो असा गोल, मऊ, भरून आला की मी थांबलेच.

"इथे!" मी म्हटलं.

"इथे!" तोही म्हणाला, आणि आमची डोकी आपटली.

कपाळ चोळत आम्ही तसेच बसून राहिलो. त्याच्या भुवईत मशीनखालचा एक लाल दोरा अडकला होता. काढावासा वाटला... नाही काढला.

"या अल्ला!" दारात उम्मा. हातात सुलेमानी चहाचे पेले. "एक रांगत होता तो पुरला नाही का?"

मशीन सरकवून त्याने वूफर तिथे ठेवला, उप्पांची टेप लावली आणि मला खुर्चीत बसवलं. वूफरच्या पाठीला एक छोटं बटण असतं. वूफर आणि टॉवर एकाच दमात हवेला धक्का देतात की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, ते त्याने ठरतं. ते एकट्याने लावता येत नाही. एकाने मागे बसायचं, दुसऱ्याने खुर्चीत.

"डोळे मिटा. हे बरं..." टक्. "...की हे?"

"पहिलं."

"नीट ऐका. घाई नाही."

"तुम्हाला नसेल. उप्पा आले की दोघांचीही चामडी लोळवतील."

"टीचर, तुम्ही ऐकताना कपाळाला आठी घालता."

"डोळे मी मिटलेत, तुम्हीही मिटा!"

आवाज सुधारला, पण डग्गा अजून पुरता येत नव्हता. गाणारा समोर नसून चहूकडे विखुरल्यासारखा वाटत होता. शमीलचा चेहरा बदलला. तो डाव्या टॉवरमागे गेला... आणि तिथेच थांबला.

"हे कोणी जोडलं?"

लाल वायर काळ्या जागी होती, काळी लाल जागी. म्हणजे उजवा स्पीकर धक्का द्यायचा आणि डावा तो गिळून टाकायचा! चार महिने उप्पांचा डग्गा त्यांचाच स्पीकर खात होता.

मला एकदम रडूच आलं. कान शाबूत आहेत माझ्या उप्पांचे! मी त्याला सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीसकट. "बदला ना पटकन!"

"बदललं आणि त्यांनी पाहिलं तर?" तो हळूच म्हणाला. "सत्तावीस वर्षांच्या वायरमनला एक परका येऊन सांगणार, तुमची वायर चुकली म्हणून?"

"मग काय, कान गेले असंच समजू द्यायचं?"

तेवढ्यात फाटक वाजलं. उप्पा! शोकेसचा रिकामा कप्पा, सरकलेलं मशीन, अनोळखी माणूस, सगळं एका नजरेत पाहून त्यांच्या मिशा थरथरल्या. "माझ्या वायरींना कोणी हात लावला?"

"कोणीच नाही, बीरानिक्का," शमील अदबीने उभा राहिला. "लावणारही नाही. टॉवर भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचेत, त्यासाठी वायरी सोडून परत जोडाव्या लागतील. ते काम तुमचं. मी बॅटरी धरतो."

उप्पांच्या मिशा खाली आल्या. लुंगी दुमडून ते डाव्या टॉवरमागे बसले. "मुबी, चष्मा दे गं माझा." तो चष्मा! चारचौघांत तो लावायला त्यांना लाज वाटते. जोडणीच्या दिवशीसुद्धा लावला नव्हता.

चष्मा चढवला आणि त्यांचा हात थांबला. मी श्वास रोखला. त्यांनी मान वळवून शमीलकडे पाहिलं. बॅटरीचा उजेड बरोब्बर वायरींवर पडला होता, पण धरणाऱ्याचं तोंड मात्र भलतीकडे, पार शोकेसच्या दिशेला. जणू तिथे उम्माचे कप मोजायला ठेवलाय त्याला. काय माणूस आहे हा, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनातून गेलंच नाही.

उप्पांनी मुकाट्याने लाल लालला जोडली, काळी काळ्याला. खुर्चीत बसले. टेप सुरू झाली.

आणि आला... डग्गा आला! जमिनीतून, पायांच्या तळव्यांतून, पोटात. गाणारा दोन टॉवरांच्या मधोमध येऊन बसल्यासारखा झाला. शोकेसमधला एकही कप हलला नाही. उप्पांचा हात मांडीवर ठेका धरू लागला आणि डोळे घळाघळा वाहू लागले. उम्माने गुपचूप पदर डोळ्यांना लावला.

शमील गेल्यावर उप्पांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. "मोळे, माझ्या लेकी, कान ठणठणीत आहेत. शनिवारी डोळेवाल्याकडे जाऊ." मग जरा थांबून म्हणाले, "हाताखाली पुष्कळ पोरं वागवली मी. पण दुसऱ्याची चूक दिसावी म्हणून उजेड धरायचा आणि आपण तिकडे बघायचं नाही, असा एक भेटला नाही. उद्या त्यालाही बोलाव. केळ्याचे ते गोड उन्नक्काय जास्त करायला सांग उम्माला."

शुक्रवारी मंडळ जमलं, डग्ग्याला दाद गेली, उप्पांनी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "जोडणी माझी, जागा या पोराची." उन्नक्काय संपले. शमीलला सोडायला मी फाटकापर्यंत गेले. समुद्राकडून वारा येत होता आणि माझी ओढणी काही केल्या ऐकत नव्हती.

"उप्पा तुमच्यावर लट्टू आहेत," मी म्हटलं. "म्हणतात, मान राखून तोंड फिरवणारा असा माणूस नाही पाहिला. आणि... मलाही तसंच वाटतं. सरळ सांगते, मला आडवळणं जमत नाहीत. तुम्ही मला फार आवडलात."

तो लाल झाला. चप्पल मातीत घासली.

"टीचर... खोटं बोलवत नाही तुमच्यापुढे. आधी त्यासाठीच फिरवलं होतं तोंड, अल्लाशप्पथ. पण शोकेसची काच... त्यात तुम्ही दिसत होता. श्वास रोखून उभ्या. मग मला मान वळवताच येईना."

मी कपाळाला आठी घालायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

"हे उप्पांना सांगायचं नाही," मी म्हटलं.

"नाही. पण दुसरं एक सांगायचंय त्यांना. रविवारी माझ्या उम्माला घेऊन येऊ?"

"या," मी म्हटलं. "दोन साक्षीही आणा."