बारावी बंदूक

झर्का शहराबाहेरच्या फौजी कारखान्यात मी एकोणतीस वर्षं बंदुका रंगवतोय. बंदूक येते ती काळी, तेलकट. ती खोलायची, तेल पुसून काढायचं, नळीच्या तोंडात बोळा घालायचा, घोड्यावर चिकटपट्टी लावायची आणि तारेला टांगून फवारा मारायचा. आधी वाळूचा रंग, त्यावर तपकिरी पट्टे. चकाकी औषधालाही नको. उन्हात एकदा लकाकली की धरणारा गेला. संध्याकाळी छाती जड होते, नाक शिंकरलं की तपकिरी निघतं. बायको म्हणते, तुमचे रुमाल धुऊन माझेच हात रंगले.

रंग वाळला की बंदुका मागच्या टेकडीवर दगडांत ठेवायच्या, शंभर पावलं मागं यायचं आणि शोधायच्या. पहिल्या नजरेला दिसू नयेत, एवढंच आमचं काम. डोळा ठरला की एकेक सापडतेच.

मार्चमध्ये बारा बंदुका आल्या. अकरा झाल्यावर रंग संपला. भांडारापर्यंत जायचं पायांत त्राण नव्हतं. तीन जुन्या डब्यांच्या तळाची खरवड एकत्र केली, गाळली आणि बारावीला मारली. कुठला रंग झाला ते मला सांगता येणार नाही. वाळल्यावरही सांगता आला नाही.

हवालदार शिबली टेकडीकडे बघून मोजत होता. अकरा. जवळ गेलो तरी अकराच. शेवटी मी गुडघ्यांवर बसून दगड चाचपले, तेव्हा थंड लोखंड हाताला लागलं.

"हात आहे बुवा तुमचा, अबू हाझिम," शिबली म्हणाला. पण बराच वेळ तो डोळे चोळत होता.

ती बंदूक नव्वाफला मिळाली. फाटकावर पहारा देणारा माअन गावाकडचा शिपाई, पंचविशीचा, तोंडाळ. येताजाता माझी खेचायचा. दहा दिवसांनी दुपारी तो माझ्याकडे आला आणि दारातच थांबला.

"उस्ताद, मी दिसतोय ना तुम्हाला?"

"न दिसायला तू काय माझा पगार आहेस?"

तो हसला नाही. "खाणावळीत दोनदा माझ्यापुढं ताट आलं नाही. हजेरीला नाव घेतात, मी ओ देतो, आणि शिबली पुढं गैरहजर लिहितो. काल माझ्या खाटेवर एक जण येऊन झोपला. मी खाटेवर होतो."

मी त्याची बंदूक घेतली, रंग काढायच्या द्रावणात बुडवली, तारेच्या ब्रशनं घासली. रंग निघता निघत नव्हता. चार तास लागले. खालचं लोखंड उघडं पडलं, तेव्हा माझ्या बोटांची सालं गेली होती.

"जा आता. झोप जाऊन."

सकाळी तो पुन्हा आला आणि माझ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिला. थोड्या वेळानं शिबली आला. त्याचा पाय नव्वाफच्या गुडघ्याला अडखळला.

"इथं काय ठेवलंय?" तो खाली बघत म्हणाला.

"नव्वाफ बसलाय," मी म्हणालो.

"तो पळाला, अबू हाझिम. घरी कळवलंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्ही थोडे दिवस रजा घ्या."

नव्वाफनं गुडघा आत ओढून घेतला.

गुरुवारी त्याची आई आली. माअनहून चार तास बसचा प्रवास, घोटे सुजलेले. मी तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. नव्वाफ धावत आला आणि आम्हा दोघांच्या मधे बसला.

"आई," तो म्हणाला.

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "खरं सांगा भाऊ. पळून जाणाऱ्यांतला होता का माझा पोरगा?"

"नाही, उम्म नव्वाफ. तो इथंच आहे."

"असेल," ती दमून म्हणाली. "इथंच कुठंतरी असेल."

नव्वाफनं तिचा हात धरला. तिनं तो मनगटावरची माशी झटकावी तसा सोडवून घेतला, पिशवीतून खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा डबा काढला, उघडून बाकावर ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसली.

त्यानं एक मामूल घेतलं. मग दुसरं. रडत रडत खात होता, तुकडे तिच्या मांडीवर सांडत होते.

तिनं मांडी झटकली. डब्यात पाहिलं. मग माझ्याकडे वळून ओशाळं हसली.

"खा भाऊ, संकोच नको. पण त्याच्यासाठी दोन तरी राहू द्या."