ओल्या खांद्यांचा सदरा

वाटाड्याची बायको आत आली ती बोलतच.

"माझ्या नवऱ्याला उद्या सकाळी कोर्टात उभं करणार आहेत. खुनी म्हणून. काही करायचं असेल तर आज करा. उद्या सांत्वनाला येऊ नका."

मावशीने खुर्ची पुढे सरकवली. बाई बसली नाही. खिडकीपाशी गेली, तिथून दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी. पाऊस लागून राहिला होता.

मावशीला सारं गाव मावशीच म्हणायचं. लोकांची लफडी, चोऱ्या, हरवलेली माणसं हुडकून देणं हा तिचा धंदा. खरा सख्खा भाचा मात्र एकच, आणि तो चाळिशी ओलांडूनही तिच्या हाताखाली उमेदवारी करत होता. बँकेतली नोकरी सोडून आपण इथे का आलो, हे त्याला अधूनमधून आठवत नसे.

"मेला कोण?" मावशीने विचारलं.

"बुटांच्या नि रेनकोटांच्या दुकानाचे शेठ. परवा कड्यावरून पडले. आमचे हे त्यांना डोंगरावर घेऊन गेले होते. अर्ध्या वाटेवर शेठ म्हणाले, तू जा आता, पुढे मला माझं माणूस भेटणार आहे. हे खाली आले. संध्याकाळी शेठ कड्याखालच्या कपारीत सापडले. पोलीस म्हणतात, कुठलं माणूस नि कुठलं काय. तूच ढकललंस."

"का ढकलेल?"

"गेल्या आठवड्यात ह्यांनी भर दुकानात तमाशा केला होता. शेठच्या त्या नव्या रेनकोटातून पाणी गळतं म्हणून. ह्यांच्याबरोबर चाललेली एक पोरगी तो कोट घालून गारठून बेशुद्ध पडली. चार माणसांनी उचलून खाली आणली." ती थांबली. "शेठ बिचारे काही बोलले नाहीत. एवढासा माणूस, माझ्या खांद्याला लागायचा. नुसते उभे राहिले. चिडला तो त्यांचा मेहुणा. तोच भागीदार. कोट त्यानेच बनवून घेतलेत."

"तुमचे यजमान स्वतः काय घालतात पावसात?"

"प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून. त्या कोटाला हात लावत नाहीत."

मावशी उठली. "चल रे."

भाच्याने मोठ्या हौसेने नवे बूट चढवले. वर जीनची पँट, सुती शर्ट. बाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे घालून डोंगरावर येणार तुम्ही? भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. शेवटपर्यंत वाळत नाही. आणि बूट कधी घेतलेत?"

"काल."

"मग आज रडाल."

*

चौकीत फौजदारसाहेबांनी शेठचे कपडे टेबलावर मांडले आणि फोटो पुढे टाकला. प्रकरण त्यांच्या दृष्टीने मिटलं होतं. मिटलेलं प्रकरण उकरणाऱ्यांकडे ते ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने मावशीकडे पाहत होते.

फोटोत शेठ कपारीत उताणे पडलेले. वर खडकाचं छप्पर, खाली जमीन कोरडी. रेनकोट गुडघ्यांच्याही खाली पोचलेला. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर आलेली नव्हती. दुसऱ्या फोटोत कोटाची चेन उघडलेली होती. आत राखाडी सुती सदरा. त्याचे दोन्ही खांदे काळे पडलेले, गळपट्टी मात्र फिकट.

"खांदे काळे कशाने?" भाच्याने विचारलं.

"ओले," मावशी म्हणाली. "राखाडी सुती कापड भिजलं की असं दिसतं."

सदऱ्याचं डावं कोपर फाटलं होतं. आत रक्ताचा डाग सुकला होता.

मावशीने कोट हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. वापरलेला होता, पण कुठे उसवलेला नव्हता, खरचटलेला नव्हता. मनगटाच्या पट्ट्या अगदी आवळून चिकटवलेल्या होत्या. कोट काढल्यावरच्या तिसऱ्या फोटोत शेठचं जाडजूड मनगट भाच्याने पाहिलं आणि पुढे काही सुचेना म्हणून सोडून दिलं.

मावशीने फौजदारांचा पाण्याचा पेला उचलला आणि कोटाच्या खांद्यावर ओतला. खाली वर्तमानपत्र होतं. सगळेच वाट बघत राहिले. पाणी खळग्यात साचून राहिलं. वर्तमानपत्र कोरडं.

फौजदार खूश झाले. "बघा. थेंब गळत नाही. तुमचा वाटाड्या त्या बाबतीतही खोटारडा निघाला."

वाटाड्याच्या बायकोचा चेहरा उतरला. केस हातची गेली, असं भाच्याला वाटलं. मावशी मात्र ओला कोट झटकत म्हणाली, "साहेब, दुपारी वाटाड्याला नि हे कपडे घेऊन पायथ्याच्या विश्रामगृहावर या. उद्या कोर्टात मी जे विचारेन, ते आजच विचारते. नाहीतर सगळ्यांपुढे तुमचंच हसं होईल."

*

चढ सुरू झाला आणि भाचा घामाने निथळला. मग पावसाने जीन भिजली. मांड्यांना दगड बांधल्यासारखं झालं. वर वाऱ्याला लागल्यावर दात वाजायला लागले. टाचेवर फोड आला होता, आणि तो फोड प्रत्येक पावलाला त्याच्या अकलेची आठवण करून देत होता. पुढे वाटाड्याची बायको झपाझप चालली होती. तिला थांबवत नव्हतं. मागे वळून बघत नव्हती.

कड्यावरून खाली कपार दिसत होती. दोन पुरुष उंचीचं अंतर. बाजूने दगडांमधून उतरायला अरुंद वाट.

"धडधाकट माणूस इथून कपारीत उतरू शकतो?" मावशीने विचारलं.

"सहज. फक्त शेवाळ बघून."

"पडणारा माणूस कशावर आपटेल?"

बाईने हात दाखवला. मधे खडकाचे दात होते. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला.

*

विश्रामगृहात दोघं अडकून पडले होते. शेठचा मेहुणा आणि गिर्यारोहण मंडळाचे मास्तर. नव्या कोटाच्या जाहिरातीचे फोटो काढायला शेठ धरून हे तिघं परवा इथे उतरले होते. शेठ डोंगरावर गेले, हे दोघं आपापल्या खोलीत राहिले. असं दोघंही म्हणत होते, आणि दोघांनाही साक्षीदार नव्हता.

मास्तर बुटके, गोल. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात.

"तुम्ही मंडळातल्या सगळ्यांना हाच कोट घ्यायला लावलात म्हणे," मावशी म्हणाली.

"उत्तम कोट आहे."

"मग कोपऱ्यात छत्री कुणाची?"

मास्तरांनी घसा खाकरला. "माझी. डोंगरावर वाऱ्यात... म्हणजे, सवय हो. सवय."

"परवा मेहुणेसाहेब कुठे होते?"

"झोपले असतील. माझं दार बंद होतं, त्यांचं बंद होतं. हे बघा, मला ह्यात ओढू नका. मी शिकवणारा माणूस."

"विकणारासुद्धा," मावशी म्हणाली आणि बाहेर पडली.

मेहुण्याला स्वतःच्या खोलीच्या दारातून आत शिरताना वाकावं लागलं. काटकुळा, लांबलचक हातांचा. मनगटं पोरीसारखी.

"दाजी गेले आणि लोक कोटाचं काढतायत," तो म्हणाला. आवाज भरून आला होता, डोळे कोरडे. "गळतो म्हणे. मी अख्खा पावसाळा हाच घालतोय. हा बघा." त्याने खुंटीवरचा कोट काढून पलंगावर पसरला. "ह्यातून गळलं असतं तर मी घातला असता?"

भाच्याने कोट पाहिला. पाठीवर घडीच्या सरळ रेघा होत्या, खिडकीच्या तावदानांसारख्या, उभ्या आणि आडव्या. माणूस भलताच टापटिपीचा दिसतो, असं त्याच्या मनात आलं.

"परवा पाऊस आला तेव्हा बाहेर गेला होतात?"

"छे. खोलीच सोडली नाही."

*

दुपारी सगळे जेवणाच्या हॉलमध्ये जमले. ओले बूट दाराशी काढलेले. फौजदार नुसत्या मोज्यांनी खुर्चीत बसले होते. वाटाड्याला दोन शिपायांनी आणलं. तो अनवाणी होता. बायकोने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बोला," फौजदार म्हणाले. "वेळ कमी आहे."

"सदऱ्यापासून सुरू करू," मावशी म्हणाली. "शेठ उभा जन्म डोंगर चढलेले. सुती कापड पावसात जीव घेतं, हे वाटाड्याच्या बायकोने माझ्या भाच्याला तो घरातून निघायच्या आत सांगितलं. मग शेठना ते ठाऊक नव्हतं? होतं. तरी त्यांनी सुती सदरा घातला, आणि तोही राखाडी. का?"

फौजदारांनी घड्याळाकडे पाहिलं.

"भिजलेलं लगेच दिसावं म्हणून. ती पोरगी बेशुद्ध पडल्यापासून त्यांना झोप नव्हती. आपला कोट गळतो का, हे त्यांना स्वतःच्या अंगावर, भर पावसात, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत बघायचं होतं. म्हणून त्यांनी वाटाड्याला परत पाठवलं. भेटायला येणारं माणूस खरंच होतं."

"अंदाज आहेत हे," फौजदार म्हणाले.

"मग पुढचं तुमच्या टेबलावरचं. शेठ कोरड्या कपारीत पडले होते. सदऱ्याचे खांदे ओले, गळपट्टी कोरडी. म्हणजे पाणी गळ्यातून आत गेलं नाही. कोटातूनच झिरपलं. पण तुमच्या समोर मी त्याच कोटावर पेलाभर पाणी ओतलं. काय झालं?"

"काही नाही झालं."

"आणि कोपर? सदऱ्याचं कोपर फाटलं, आतली कातडी फाटली. त्याच्यावरची कोटाची बाही मात्र जशीच्या तशी. साहेब, खडकाने कोटाला वळसा घालून आतला सदरा फाडला का?"

फौजदारांनी फोटो जवळ ओढला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "पडले तेव्हा हा कोट अंगावर नव्हताच."

"दुसरा होता. गळका. पडताना फाटलेला. कुणीतरी बाजूच्या वाटेने खाली उतरलं, शेठना कपारीच्या छपराखाली ओढलं, तो कोट काढून घेतला आणि हा चढवला. आता सांगा, गळका कोट नाहीसा व्हावा असं कुणाला वाटेल? वाटाड्याला? त्याने खून केला असता तर तो फाटका, गळका कोट त्याने देवासारखा जपला असता. जगाला दाखवायला तोच एक पुरावा होता त्याच्याकडे."

वाटाड्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"उरले दोघं. ह्या कोटावर दोघांची अब्रू टांगलेली. मास्तर, घाबरू नका. शेठच्या अंगावरचा कोट त्यांच्या बोटांवरून खाली लोंबत होता. मालक उंच आहे, लांब हातांचा. पट्ट्या आवळलेल्या, म्हणजे मनगट बारीक. तुमच्या मनगटाला ती पट्टी पुरणारसुद्धा नाही."

मास्तरांनी आपलं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

मेहुणा हसला. "माझा कोट माझ्या खोलीत आहे. सकाळी तुम्हीच पाहिलात."

"पाहिला. अख्खा पावसाळा वापरलेला, आणि घडी अजून मोडलेली नाही. जाहिरातीच्या फोटोंसाठी आणलेल्या कोऱ्या मालातला आहे तो. तुमचा खरा कोट साहेबांनी आणलेल्या कपड्यांत आहे. पहिल्या मालातला, चांगल्या कापडाचा. पुढचा सगळा माल तुम्ही हलक्या कापडाचा काढलात आणि स्वतःच्या अंगावर मात्र चांगला ठेवलात." मावशी दाराशी गेली. छपराच्या पन्हळीतून पाण्याची धार पडत होती. "वाद कशाला? भाच्या, ह्यांच्या खुंटीवरचा कोट आण. मेहुणेसाहेब आत कोरडा सुती शर्ट घालतील, वर तो कोट, आणि पाच मिनिटं ह्या धारेखाली उभे राहतील. कोरडे राहिले तर मी पाय धरून माफी मागेन."

भाच्याने कोट आणला आणि मेहुण्यापुढे धरला.

मेहुण्याने हात पुढे केला नाही. सगळे बघत होते.

"दाजी ऐकतच नव्हते," शेवटी तो म्हणाला. "सगळे कोट परत बोलावणार म्हणाले. गावोगावचे. सदरा दाखवत होते, हे बघ, हे बघ म्हणत. मी नुसता हात झटकला. मी रस्त्यावर आलो असतो हो."

"आणि आम्ही डोंगरावर होतो," वाटाड्याची बायको म्हणाली. "आमचं काय होणार होतं?"

मेहुण्याने तोंड फिरवलं. अशी माणसं फक्त आपण रस्त्यावर येऊ का, तेवढंच बघतात.

शिपायांनी वाटाड्याला सोडून मेहुण्याला धरलं. गळका कोट कुठल्या घळीत दगडांखाली पुरला, हे त्याने दारातच सांगून टाकलं.

फौजदारांनी रुमालाने मान पुसली. "सुटलास तू. जा घरी."

"माझे बूट?" वाटाड्या म्हणाला.

"ते पुराव्यात जमा आहेत. उद्या चौकीत ये, सही कर, मिळतील."

बाहेर पाऊस, चिखल, दगड. गाव तासाभराच्या वाटेवर. माफीचा एक शब्द फौजदारांच्या तोंडून निघाला नव्हता आणि निघणारही नव्हता. भाच्याला काहीतरी जळजळीत बोलायचं होतं. पण अर्धं आयुष्य बँकेत मान हलवलेल्या माणसाला ते वेळेवर सुचलं नाही.

वाटाड्याची बायको दाराशी गेली. बुटांच्या रांगेतून तिने एक जोड उचलला. काळा, चकचकीत, जाड तळाचा, सरकारी. नवऱ्याच्या पायापाशी ठेवला.

"घाला."

"अगं, हे साहेबांचे—"

"घाला म्हणते ना."

त्याने घातले. तिने वाकून स्वतः नाड्या बांधल्या, उतारावर बोटं पुढे आपटू नयेत तशा घोट्याशी आवळून.

"ओ बाई," फौजदार अर्धवट उठले. मोज्यांवरच. "मी काय करू?"

"उद्या घरी या," ती म्हणाली, "सही करा, मिळतील."

दोघं पावसात उतरली. तो पुढे, ती मागे. मावशीने दार त्यांच्यामागे उघडं ठेवलं. फौजदार उंबऱ्यापर्यंत आले, खालच्या चिखलाकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.