लेबलाखालचा आकडा

"मामा, थांब! एकशेतीन! मीटरवर एकशेतीन आलंय!"

"येऊ दे की," गाडीखालून मामाचा आवाज आला. "जास्त आलं तर चांगलंच!"

शंकाराणीने आकडा वहीत लिहिला खरा, पण तिला काही चैन पडेना. प्रत्येक गोष्टीवर शंका काढते म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. सुट्टीला ती आणि तिचा धाकटा भाऊ भोवरा मामाकडे आले होते. मामाने जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली होती. आज चार वाजता पहिली चाचणी! मामाचा मुलगा चष्मिस सकाळपासून त्याला नट पिळायचे पाने हातात देत होता.

मोटरवर एक चंदेरी डबा बसवलेला होता. तो कंट्रोलर. पेडल दाबाल तेवढीच वीज तो बॅटरीतून मोटरला देणार. सीटशेजारी एक लाल दांडी होती; ती ओढली की बॅटरीची वीज एकदम बंद. मामाचा बेत आधी बहात्तर व्होल्टचा, म्हणजे सहा बॅटऱ्यांचा होता. पण काल सुटे भाग विकणारे काका आले आणि म्हणाले, "आठ लावा हो! शहाण्णव व्होल्ट! गाडी चढावर पाखरासारखी जाईल. कंट्रोलरही देतो शहाण्णवचा." झालं! मामा हुरळून गेला.

"बारा आठे शहाण्णव," शंकाराणी पुटपुटली. "मग एकशेतीन कसे?"

"बॅटरी पूर्ण भरली की बाराची जवळजवळ तेरा होते," चष्मिस म्हणाला. "बाबांनीच सांगितलंय."

"मग या डब्याला एकशेतीन सोसतात का?"

चष्मिसने टॉर्च लावून वाकून पाहिलं. डब्यावर 'शहाण्णव व्होल्ट' असं चकचकीत लेबल होतं, पण ते जरा तिरकं बसलं होतं. एक कोपरा सुटला होता आणि त्याखाली दुसरं, मळकं लेबल दिसत होतं. त्याने श्वास रोखून वाचलं.

"कमाल... नव्वद."

  गॅरेजचं दार उघडं होतं. बाहेर गल्लीचा उतार थेट बालवाडीच्या फाटकापर्यंत जात होता, आणि चार वाजता बालवाडी सुटायची.

"मामा, या डब्यावर दोन लेबलं आहेत!" भोवरा ओरडला.

तेवढ्यात काका हसत आत आले. "अरे, ते जुनं लेबल! आतलं सगळं नवीन आहे. पोरांनी मोठ्यांच्या कामात लुडबूड करू नये."

"बरोबर आहे," मामा हात पुसत म्हणाला. "चला, पळा बाहेर! चार वाजत आले."

मामाचं लक्षच नव्हतं. महिनाभर ज्याची वाट पाहिली, ते समोर आलं होतं! तो गाडी ढकलत दाराकडे तोंड करून उभी करू लागला.  डब्यातून काही आवाज येत नव्हता, काही हलत नव्हतं. पण शंकाराणीला त्याच्याकडे पाहवेना.

"ऐकत नाहीत रे हे," चष्मिस कुजबुजला. "काय करायचं?"

भोवऱ्याचे डोळे चमकले. तो गिरकी घेऊन काकांपुढे उभा राहिला. "काका, आधी चाकं हवेत फिरवायची का? फिरणाऱ्या चाकांचा झकास व्हिडिओ निघेल! खाली तुमच्या दुकानाचं नाव टाकू. केवढी जाहिरात होईल!"

काकांची कळी खुलली. "पोरगा हुशार आहे हो तुमचा! घ्या, घ्या गाडी वर!"

आता काकांनीच म्हटल्यावर मामा कशाला नाही म्हणतोय! त्याने जॅक लावला, गाडीखाली ती तोलून धरणारे लोखंडी घोडे सरकवले. चारही चाकं जमिनीपासून वीतभर उचलली गेली. मुलं व्हिडिओचं निमित्त करून भिंतीआड जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्हीही इकडे या. तिथे तुमची सावली पडते!" शंकाराणीने हाक मारली. काका लगबगीने आले.

मामाने गाडीत बसून किल्ली फिरवली. टक्! मग शांतता. त्याने पेडलवर पाय ठेवला, अगदी हलका.

फाट्!

डब्यातून निळी ठिणगी उडाली आणि चाकं किंचाळत फिरू लागली. मामाने पाय उचलला. चाकं थांबेनात! जळलेला डबा आता वीज अडवतच नव्हता. वेग वाढतच चालला. सगळी गाडी घोड्यांवर थरथरू लागली. जळक्या प्लॅस्टिकचा वास घशात उतरला. आणि बाहेर, उताराखालून, बालवाडी सुटल्याची घंटा ऐकू आली.

"थांबत नाही! थांबत नाहीये!" मामाचा आवाज चिरकला.

काका जागच्या जागी थिजले होते.

"मामा, लाल दांडी!" शंकाराणी जिवाच्या आकांताने ओरडली. "बॅटरीची लाल दांडी ओढ!"

मामाने सीटशेजारची दांडी खाड्कन ओढली. चाकांची किंकाळी हळूहळू उतरत गेली. शेवटी ती थांबली.

मामा खाली उतरला.  त्याने दारातून उताराकडे पाहिलं. चिमुरडी पोरं फाटकातून रांगेने बाहेर पडत होती. तो मटकन खाली बसला.

मग उठून त्याने डब्यावरचं लेबल एका झटक्यात सोलून काढलं. "बोला आता. कुणी चिकटवलं हे?"

"मीच," काकांची मान खाली गेली. "नव्वद आणि शहाण्णवात असा काय फरक, म्हटलं. चालून जाईल."

"असा डबा अजून कुणाला दिलात?" शंकाराणीने विचारलं.

काका चाचरले. "एकच... शाळेच्या व्हॅनवाल्याला. तोही व्हॅनला विजेची मोटर बसवतोय, आजच जोडणार आहे."

"लावा फोन! आत्ताच्या आत्ता!" मामा गरजला.

पहिल्यांदा घंटा वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. भोवरा नखं खात होता. तिसऱ्या वेळी पलीकडून आवाज आला, "बोला! बॅटरीची शेवटची तार जोडतोच आहे."

"हात काढ! तार जोडू नकोस!" काका इतक्या जोरात ओरडले, की मामी स्वयंपाकघरातून धावत आली.

काका तसेच व्हॅनवाल्याकडे डबा परत आणायला निघाले. मामाने त्यांना एकटं सोडलं नाही, सोबत गेला. परत आल्यावर त्याने तिघांना जवळ ओढलं.

"मी पाच वेळा हा डबा हातात घेतला, पण लेबल बघितलं नाही. तुम्ही बघितलंत. आज त्या पोरांची आणि माझी धडगत नव्हती रे!"  मामीने तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग आता कंट्रोलर कितीचा घ्यायचा, राणीसाहेब?" मामाने डोळे पुसत विचारलं.

"सहाच बॅटऱ्या ठेव. पूर्ण भरल्यावर मोजू," शंकाराणी म्हणाली. "जो आकडा येईल, त्याच्यापेक्षा बरंच जास्त सोसेल असा घेऊ. आणि लेबल मी वाचणार!"

"मंजूर!" मामा म्हणाला, आणि त्याने वही तिच्याच हातात दिली.