मागच्या खोलीचा सेन्सर

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण हे माझ्या सख्ख्या भाऊजींच्या बाबतीत घडलंय, आणि भाऊजी थापा मारणाऱ्यातले नाहीत. उलट कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की हातातला चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

लख्ख उन्हाची. दुपारी चार वाजताची.

भाऊजी घरोघरी चोरांपासूनचे अलार्म बसवतात. बावीस वर्षं हेच काम. हाताला यश आहे, पण स्वभाव तापट. एखादी खोट सापडली नाही की ती सापडेपर्यंत घरात कुणाशी नीट बोलत नाहीत. माझी बहीण म्हणते, "यांच्याशी लग्न केलं तेव्हाच मी पण एक अलार्म घरात आणला."

गेल्या वर्षी त्यांनी एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी अलार्म बसवला. बाई एकट्या राहायच्या. छोटं बैठं घर. पुढे बैठक, मग वीसेक फुटांचा अरुंद बोळ, बोळातच एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, आणि शेवटी मागची खोली. बाई रोज साडेतीनला कुलूप लावून जवळच्या दवाखान्यात लोकांचं ब्लड प्रेशर फुकट तपासून द्यायला जायच्या आणि पाचला परत यायच्या. प्रत्येक खोलीत आणि बोळात हालचाल टिपणारा एकेक सेन्सर. तेवढ्या वेळापुरता अलार्म चालू.

महिनाभर सगळं ठीक होतं.

मग एका सोमवारी अलार्म वाजला. चार वाजून दोन मिनिटांनी.

पोलीस आले. कुलूप जसंच्या तसं. खिडक्या बंद. आत कुणी नाही.

मंगळवारी पुन्हा. चार वाजून दोन मिनिटांनी.

बुधवारी भाऊजी गेले. मागच्या खोलीचा सेन्सर उघडून पाहिला. आत इवलासा कोळी. "हा घ्या तुमचा चोर!" म्हणत त्यांनी कोळी काढला, सेन्सर पुसला आणि ऐटीत घरी आले.

गुरुवारी पुन्हा...

मग बॅटरी बदलली. वायर बदलली. चारच्या सुमारास खिडकीतून ऊन येतं, त्यानं सेन्सर फसत असेल म्हणून जाड पडदा लावला. पंख्याचं बटण काढून टाकलं. माळ्यावर उंदीर असेल म्हणून पिंजरासुद्धा ठेवला. अख्खा सेन्सर नवा बसवला. भाऊजींच्या नाकी नऊ आले, पण चार वाजून दोन मिनिटं काही चुकली नाहीत.

शेजारी वैतागले. पोलीस म्हणाले, आता फोन करू नका, आम्ही येणार नाही.

आणि बाईंच्या मुलानं फोनवरून निर्वाणीचं सांगितलं. तो गाडीनं सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहतो. "आई, या महिन्यात एकदा जरी वाजला, तरी मी येऊन तुला घेऊन जाणार. घराला कुलूप."

बाई भाऊजींपुढे अक्षरशः हात जोडून उभ्या राहिल्या.

"दादा, काहीही करा. पण मला या घरातून जायचं नाहीये."

भाऊजींना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. स्वतःचाच.

त्या दिवशी त्यांनी शेवटचा उपाय केला. पॅनलची, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याची, नोंदवही उघडली. म्हणजे खरी वही नव्हे. कोणता सेन्सर किती वाजता जागा झाला, ते पॅनल स्वतःच साठवून ठेवतं. भाऊजींनी आजवर फक्त पहिली ओळ पाहिली होती. मागची खोली, चार-दोन. खालच्या ओळी बघायची गरजच वाटली नव्हती.

आता पाहिल्या.

पहिल्या आठवड्यात फक्त मागची खोली.

दुसऱ्या आठवड्यात मागची खोली... आणि सात मिनिटांनी बोळ.

तिसऱ्या आठवड्यात मागची खोली, बोळ... आणि नऊ मिनिटांनी स्वयंपाकघर.

भाऊजींचं डोकं भणभणलं. उंदीर असता तर क्षणात पळाला असता. चोर असता तर चार ढांगांत पोचला असता. एवढंसं अंतर जायला नऊ मिनिटं कुणाला लागतात?

"बाई, त्या मागच्या खोलीत कोण राहायचं?"



"माझी अक्का," त्या म्हणाल्या. "मोठी बहीण. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. गेल्या वर्षी गेली."

"मग चालत नव्हत्या?"

"चालली असती." बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चालवा, पाय सुटतील. चारची वेळ ठरवली होती आम्ही. चार वाजले की अक्का पलंगावरून पाय खाली सोडून बसायची, माझी वाट बघत. पण दिवसभर वॉर्डात परक्या माणसांना उचलून घरी आल्यावर माझ्यात जीव नसायचा हो. मी म्हणायचे, उद्या चालू. सहा वर्षं मी उद्या म्हणाले, दादा."

भाऊजी म्हणाले, "अहो, मनाला लावून घेऊ नका. हा सेन्सर भूतबीत बघत नाही. त्याला फक्त ऊब कळते. जिवंत शरीराची ऊब समोरून हलली, तरच तो जागा होतो."

बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या नाहीत. भाऊजींनी भोंगा बंद ठेवला आणि पॅनलला नुसता बारीक आवाज करायला लावलं. घरात माणूस असलं की हे असं करता येतं. सेन्सर जागा झाला की टिंग. बाकी गोंगाट नाही.

मागची खोली त्यांनी स्वतः तपासली. पलंगाखाली वाकून बघितलं. रिकामी. दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी जराही न हलता उभे राहिले.

चार वाजले.

चार-एक. चार-दोन.

टिंग...

मागच्या खोलीत काहीच दिसत नव्हतं. आवाज नाही. पडदासुद्धा स्थिर.

बाई मात्र पुढे गेल्या. खोलीच्या उंबऱ्याशी थांबून दोन्ही हात समोर धरले, तळवे वर. नर्स पेशंटला चालवताना धरतात, अगदी तसे.

आणि त्यांचे हात झपकन खाली गेले...

कुणीतरी सगळा भार टाकावा तसे.

"हळू," बाई म्हणाल्या. "घाई नाही. हं, उजवा पाय."

त्या उलट्या पावलांनी बोळातून येऊ लागल्या. एक पाऊल. थांबायचं. पुन्हा एक. भाऊजींना त्यांची मनगटं दिसत होती. मनगटांवर चार-चार खळगे पडले होते. बोटं रुतल्यासारखे.

टिंग. बोळ.

बाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

"तेव्हाच त्यांना ओढून बाहेर काढायला हवं होतं रे," भाऊजी मला म्हणाले. "पण खरं सांगू? मला बरं वाटलं. खोट सापडली. आता भोंगा वाजणार नाही, मुलगा येणार नाही, बाई घरात राहतील. एवढंच माझ्या डोक्यात."

बाईंनी दवाखाना सोडला. रोज चारला घरी. महिना सरला, भोंगा एकदाही वाजला नाही. मुलगा शांत झाला. भाऊजींनी तक्रार बंद केली.

दोन महिन्यांनी ते सहज चौकशीला गेले. दार उघडायला बाईंना खूप वेळ लागला.

त्या भिंत धरून चालत होत्या.

"काही नाही हो, पाय जरा जड झालेत," त्या म्हणाल्या. "अक्काचं मात्र छान चाललंय. आता दोन मिनिटांत येते."

भाऊजींनी पॅनल उघडलं. खरंच होतं. आठ मिनिटं, सहा, पाच, तीन, दोन. रोज थोडं कमी. आणि त्यातच सकाळी-संध्याकाळी बाईंच्या स्वतःच्या वावराच्या नोंदी. पूर्वी त्यांना बोळ ओलांडायला दहा सेकंद लागायचे.

आता नऊ मिनिटं.

"बाई, तुम्ही आजच मुलाकडे जा," भाऊजी जवळजवळ ओरडले. "मी सामान भरून देतो. चला!"

"तुम्हीच तर मला इथं राहू दिलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता कुठं जाऊ? तिचे अजून थोडेच दिवस राहिलेत."

भाऊजींनी बाहेर येऊन मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा बाई पलंगावर होत्या. मागच्या खोलीत. कमरेखाली काही हलत नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांना काही म्हणजे काही सापडलं नाही.

मुलानं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. घराला कुलूप लावलं, अलार्म चालू केला आणि घेऊन गेला.

जायचं नव्हतं त्या बाईंना. तेवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, अलार्म वाजला.

शेजाऱ्यांचा फोन आला तसे भाऊजी धावले. पुढचं दार सताड उघडं. बाहेरची कडी काढलेली. कुलूप बाहेर पायरीवर पडलेलं, न तुटलेलं. घरातली एक वस्तू हललेली नव्हती. आत कुणी नव्हतं.

पॅनलवर चार ओळी होत्या. मागची खोली. बोळ. बैठक. पुढचं दार.

सगळ्या मिळून बारा सेकंद.

भाऊजींनी तिथूनच मुलाला फोन लावला. दाराचं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं, "आई कशी आहे?"

"अहो, आज एकदम खुशीत!" मुलगा म्हणाला. "सकाळपासून केस विंचरून बसलीये. म्हणते, कुणीतरी निघालंय तिला न्यायला."

भाऊजींनी फोन ठेवला.

याला सहा आठवडे झाले. त्यांनी परत फोन केलेला नाही, आणि मुलाचा नंबर दिसला तर उचलतही नाहीत.

काल त्याचा फोन दोनदा येऊन गेला.